भरपाई ही खैरात नव्हे, कर्ज आहे

सर्व स्तुती त्या अल्लाहसाठी, ज्याने माणसाला हात दिले आणि हातांना हुनर दिले, आणि दरूद व सलाम असो अंतिम प्रेषित हजरत मुहम्मद (स.) यांच्यावर, ज्यांनी कष्टकऱ्याच्या घामाचे मोल जगाला शिकविले.



दिव्य कुरआनातील एका संपूर्ण सूरहला लोखंडाचे नाव आहे : सूरह अल-हदीद. तिच्या पंचविसाव्या आयतीत अल्लाहने सांगितले आहे की, त्याने आपले प्रेषित स्पष्ट प्रमाणांसह पाठविले, त्यांच्यासोबत ग्रंथ आणि तराजू उतरविला, जेणेकरून लोकांनी न्यायावर कायम राहावे. त्यालाच जोडून लोखंडाचा उल्लेख येतो. लोखंडात प्रचंड जोर आहे आणि लोकांसाठी लाभही आहेत, असे तेथे सांगितले आहे. हा क्रम ध्यानात घेण्याजोगा आहे. आधी तराजू, मग लोखंड. भाष्यकारांनी 'जोर' या शब्दाचा अर्थ शस्त्रे आणि 'लाभ' या शब्दाचा अर्थ अवजारे असा लावला. आपल्या काळात एकाच यंत्रात या दोन्ही गोष्टी एकत्र आल्या आहेत. जे यंत्र घराची चूल पेटवते, तेच यंत्र क्षणात हात घेऊन जाते. म्हणून जेथे लोखंड चालते, तेथे तराजूही असला पाहिजे.

मावळातील बेडसे गावाजवळच्या डोंगरात सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत. माणसांनी छिन्नी-हातोड्याने तो कातळ कोरला. खांबांच्या माथ्यावर घोडे, बैल, हत्ती आणि त्यांच्यावरचे स्वार साकारले. तेथील एका शिलालेखात नाशिकच्या आनंद श्रेष्ठीच्या पुत्राने दिलेल्या दानाची नोंद आहे. दान देणाऱ्याचे नाव दगडाने जपले. ज्याचा हात हातोड्याखाली सापडला असेल, त्याची नोंद कोणी केली नाही. आज त्याच बेडशाचे आणि कामशेतच्या आसपासच्या गावांचे तरुण लोकलने किंवा दुचाकीने तळेगाव, चाकण, पिंपरी-चिंचवडच्या कारखान्यांत जातात. छिन्नीच्या जागी पॉवर प्रेस आला. पण ज्याचा हात गेला त्याची नोंद न ठेवण्याची रीत अजून पुरती गेलेली नाही.

पॉवर प्रेसचे काम वाचकांपैकी अनेकांच्या घरी ठाऊक असेल. पत्रा साच्यात ठेवायचा, पेडल किंवा बटण दाबायचे, वरचा साचा खाली आदळतो आणि नग तयार होतो. दिवसाला शेकडो, कधी हजारो नग. हात आत असेल तर यंत्र थांबविणारा सेन्सर बसविता येतो. दोन्ही हातांनी दोन बटणे एकाच वेळी दाबल्याखेरीज साचा खाली येऊ नये, अशी रचनाही करता येते. तरीही बोटे जातात. 'सेफ इन इंडिया' ही संस्था २०१९ पासून वाहन-उद्योगातील जखमी कामगारांविषयी 'क्रश्ड' नावाचे अहवाल प्रसिद्ध करीत आली आहे. हरियाणासोबत महाराष्ट्रातील कामगारांच्या नोंदीही त्यांत आहेत. त्यांतून वारंवार दिसते ते असे : बोटे चिरडण्यात पॉवर प्रेसचा वाटा फार मोठा आहे, जखमी होणाऱ्यांत परगावाहून आलेले, ठेक्यावरचे, कमी पगाराचे कामगार अधिक आहेत, आणि राज्य विम्याचे जे ओळखपत्र कामाच्या पहिल्याच दिवशी मिळायला हवे, ते अनेकांच्या हाती अपघात घडून गेल्यावर पडते.

अपघातानंतर आपल्या घरांत दोन वाक्ये हमखास ऐकू येतात. एक : "नशिबात होते." दुसरे : "शेठने दवाखान्याचा खर्च केला, वर दहा हजार रुपये दिले, आणखी काय मागायचे?" पहिल्या वाक्यात तकदीरवरील श्रद्धा आहे आणि दुसऱ्यात कृतज्ञता आहे. दोन्ही गुण इस्लामने शिकविलेले आहेत. परंतु या दोन वाक्यांच्या आडोशाला एक हक्क बुडतो आणि हक्क बुडविणे इस्लामने शिकविलेले नाही. या लेखात एवढेच सांगायचे आहे की, जखमी कामगाराची भरपाई ही मालकाची मेहेरबानी नव्हे. ते त्याच्या माथ्यावरील कर्ज आहे.

बोटाचे मोल

सूरह अल-कियामहच्या आरंभी, मेलेल्या माणसाची हाडे पुन्हा एकत्र कशी येतील, अशी शंका घेणाऱ्यांना अल्लाह उत्तर देतो : हाडेच काय, माणसाच्या बोटांची टोकेही तंतोतंत घडविण्यास तो समर्थ आहे (७५:४). आपली शक्ती सांगताना निर्मात्याने बोटाच्या टोकाचा दाखला द्यावा, यावरून त्या लहानशा अवयवाची प्रतिष्ठा कळते.

आणि हे केवळ गौरवाचे बोल नाहीत. प्रेषितांनी (स.) बोटाचे मोल ठरवून दिले आहे. एका माणसाच्या हातून दुसऱ्याचा जीव गेला तर पूर्ण दियत शंभर उंटांची. एक बोट गेले तर दहा उंटांची. हजरत इब्ने अब्बास (रजि.) यांच्या कथनाप्रमाणे प्रेषितांनी (स.) करंगळी आणि अंगठा यांना समान लेखले, ही हदीस सहीह बुखारीत आहे. हजरत उमर (रजि.) यांनी आरंभी अंगठ्याला अधिक आणि करंगळीला कमी मोल धरून निकाल दिले होते. पुढे प्रेषितांनी हजरत अम्र बिन हज्म (रजि.) यांच्यासाठी लिहवून घेतलेले पत्र समोर आले आणि ते निकाल मागे पडले, अशी नोंद इमाम शाफई यांनी केली आहे. उमर यांच्यासारख्या श्रेष्ठ खलीफाचा अंदाजही जेथे लेखी प्रमाणापुढे थांबला, तेथे कारखान्याच्या मालकाने मनाला येईल तो आकडा ठरवावा, हे कसे चालेल?

दियतीचे हे नियम इस्लामी न्यायव्यवस्थेतील आहेत. ते आजच्या कारखान्याला जसेच्या तसे लावावेत, असा माझा आग्रह नाही. त्यांतील तत्त्व मात्र कालातीत आहे : देहाच्या प्रत्येक अवयवाचे मोल आहे, ते आधीपासून ठरलेले असावे आणि ते जखमी माणसाच्या गरिबीवर किंवा मालकाच्या मर्जीवर अवलंबून नसावे.

अजाणता घडले तरी

कोणी म्हणेल, "मालकाने मुद्दाम थोडेच केले?" याचे उत्तर सूरह अन-निसामध्ये आहे (४:९२). चुकून एखाद्याच्या हातून हत्या घडली, तरी प्रायश्चित्तासोबत मृताच्या वारसांना दियत द्यावी लागते. वारसांनी ती स्वखुशीने सोडून दिली तर गोष्ट वेगळी. यातून दोन गोष्टी निघतात. हेतू नसला म्हणून दुसऱ्याचा हक्क संपत नाही. आणि सोडून देण्याचा अधिकार ज्याचे नुकसान झाले त्याचा असतो, ज्याला द्यायचे आहे त्याचा नव्हे. प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले आहे की, मनाच्या खुशीवाचून कोणाचेही धन दुसऱ्याला हलाल होत नाही. दवाखान्याच्या खाटेवर, गुंगीत असलेल्या तरुणाकडून कोऱ्या कागदावर घेतलेली सही ही मनाची खुशी कशी म्हणावी?

येथे एका हदीसचा उल्लेख करणे आवश्यक आहे, कारण काही जण ती पुढे करतात. विहिरीत किंवा खाणीत घडलेल्या अपघाताची भरपाई नाही, अशा आशयाची हदीस बुखारी आणि मुस्लिम यांच्या संग्रहांत आहे. परंतु फिकहच्या इमामांनी तिचा संदर्भ उलगडून दाखविला आहे. ज्याने आपल्या हद्दीत, रीतसर विहीर खोदली, त्याच्यावर दोष नाही. ज्याने लोकांच्या वाटेवर विनापरवाना खड्डा खोदला आणि त्यात कोणी पडले, त्याच्यावर भरपाई येते. म्हणजे कसोटी मर्यादा ओलांडण्याची आहे. आता विचार करा. उत्पादन मंदावते म्हणून ज्याने यंत्राचा संरक्षक काढून ठेवला, सेन्सर बंद केला, दोनपैकी एक बटण तारेने बांधून टाकले, त्याने कामगाराच्या वाटेत खड्डाच खोदला आहे. स्वतः नुकसान करू नये आणि नुकसानास नुकसानाचे उत्तरही देऊ नये, हा प्रेषितांचा (स.) नियम त्याला लागू होतो.

कायद्याचा हिशेब

या देशात हा तराजू सहज लागलेला नाही. सप्टेंबर १८८४ मध्ये सत्यशोधक नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईच्या गिरणी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सिद्ध केले. त्यात रविवारची सुट्टी, दुपारची अर्ध्या तासाची विश्रांती, कामाचे ठरावीक तास, वेळेवर पगार या मागण्या होत्या. पाचवी मागणी अशी होती की, कामावर जबर जखमी झालेल्या कामगारास बरा होईपर्यंत पूर्ण पगार मिळावा आणि तो जन्माचा पांगळा झाला तर त्याच्या निर्वाहाची तजवीज व्हावी. रविवारची सुट्टी १८९० मध्ये मिळाली आणि ती सर्वांच्या स्मरणात राहिली. पाचव्या मागणीचा कायदा व्हायला १९२३ साल उजाडले आणि तिची आठवण मात्र मागे पडली. ज्या गिरण्यांत पुढे मोमीन विणकरांच्याही पिढ्या राबल्या, त्या गिरण्यांतून आलेला हा हक्क आहे. तो आपल्याला परका नाही.

१९२३ च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टात अवयवांचे मोल लिहिलेले आहे. एका हाताची दोन बोटे गेली तर कमाईची क्षमता वीस टक्के घटली असे धरले जाते. अंगठा गेला तर तीस टक्के. एका हाताची चारही बोटे गेली तर पन्नास टक्के. समजा, पंचवीस वर्षांच्या, महिना पंधरा हजार रुपये मिळविणाऱ्या तरुणाची दोन बोटे गेली. वेतनाचे साठ टक्के म्हणजे नऊ हजार. त्याला त्या वयासाठी दिलेल्या २१६.९१ या अंकाने गुणायचे आणि त्याचे वीस टक्के घ्यायचे. ही रक्कम ३,९०,४३८ रुपये होते. शेठने दिलेल्या दहा हजारांशेजारी हा आकडा ठेवून पाहा.

मासिक २१,००० रुपयांपर्यंत वेतन असलेल्या आणि राज्य विमा योजनेत येणाऱ्या कामगाराला ही रक्कम एकदम मिळत नाही. त्याचा हक्क विम्याकडे जातो. बरा होईपर्यंत वेतनाच्या सुमारे नव्वद टक्के भत्ता, विमा रुग्णालयात उपचार आणि अपंगत्व कायमचे असेल तर त्याच्या प्रमाणात आजन्म निवृत्तिवेतन मिळते. वरील तरुणाच्या बाबतीत ते ढोबळमानाने महिना २,७०० रुपये होईल. त्यासाठी कामगाराच्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो आणि मालकाने सव्वातीन टक्के भरायचे असतात. हे जुने कायदे आता २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत सामावले गेले असले, तरी पायाभूत तत्त्व तेच आहे.

मुसलमान आपल्या अटींना बांधील असतात, असे प्रेषितवचन आहे. आणि करार पाळा, ही सूरह अल-माइदहची पहिलीच आज्ञा आहे. आपण ज्या देशात राहतो, कारखान्याचा परवाना घेतो, त्याचा न्याय्य कायदा पाळण्याचा करार आपण केलेला असतो. म्हणून विम्याची वर्गणी कापून न भरणे हा केवळ कायद्याचा भंग नाही. ती अमानतीतील खियानत आहे.

मालक बंधूंसाठी

आपल्या समाजात वेल्डिंग, लेथ, ग्रिल, भंगार आणि लाकूड-कटाईची लहान दुकाने असलेले बंधू पुष्कळ आहेत. त्यांनी तीन गोष्टींकडे लक्ष द्यावे, ही विनंती.

पहिली : जखमी कामगाराला द्यावयाची भरपाई जकातीतून देता येत नाही. जे आपल्यावर आधीच देणे आहे, ते जकातीच्या नावाने फेडले तर देणेही फिटत नाही आणि जकातही अदा होत नाही. रमजानात पाकीट द्यायचे असेल तर अवश्य द्या, पण त्याचा हिशेब वेगळा ठेवा.

दुसरी : अल्लाहने हजरत दाऊद (अलै.) यांच्यासाठी लोखंड मऊ केले आणि त्यांना कोणती विद्या शिकविली? चिलखत घडविण्याची (२१:८०), आणि कड्या नीट मापात जुळविण्याची (३४:११). लोखंडाच्या कारागिरीतील हा कुरआनी धडा माणसाचा देह वाचविण्याचा आहे. चालत्या यंत्राच्या धोकादायक भागाला आवरण असावे, ही १९४८ च्या कारखाना कायद्याचीही अपेक्षा होती. दुकान लहान असल्याने कायदा लागू होत नसेल, तरी अल्लाहची नजर लागू असतेच.

तिसरी : मदयनच्या त्या वृद्धाने हजरत मूसा (अलै.) यांना कामावर ठेवताना आधी मुदत ठरविली आणि आपण कष्टात टाकू इच्छित नाही, असे आश्वासन दिले (२८:२७). हाताखालचा माणूस कोणत्या धर्माचा आहे, याने या कर्तव्यात फरक पडत नाही. हजरत उमर (रजि.) यांनी भीक मागणारा एक वृद्ध यहुदी पाहिला, तेव्हा तारुण्यात त्याच्याकडून घ्यायचे आणि म्हातारपणी त्याला वाऱ्यावर सोडायचे हा न्याय नव्हे, असे म्हणून त्याच्यासाठी बैतुलमालमधून वेतन बांधून दिले. ज्याचे हात आपल्या दुकानात झिजले, त्याच्याबाबत आपली जबाबदारी याहून जवळची आहे.

कामगार बंधूंसाठी

उंट बांधून मग अल्लाहवर भरवसा ठेवावा, ही शिकवण आपण लहानपणापासून ऐकतो. यंत्राचा संरक्षक हा तो दोर आहे. चार नग अधिक निघावेत म्हणून तो स्वतः काढू नका. देह ही अल्लाहची अमानत आहे. केवळ बेसावधपणा झाला म्हणून कायदा भरपाई नाकारीत नाही. परंतु नशेत काम करणे किंवा संरक्षक जाणूनबुजून काढणे यामुळे काही प्रकरणांत हक्क धोक्यात येतो.

कामाच्या पहिल्याच दिवशी विमा क्रमांक मागा. देण्याघेण्याचे व्यवहार लिहून ठेवावेत, ही सूरह अल-बकरहची सविस्तर आज्ञा (२:२८२) येथेही उपयोगी पडते : हजेरीपत्रक, पगाराची पावती, ठेकेदाराचे नाव, सोबत काम करणाऱ्यांची नावे जपून ठेवा. अपघात झाला तर दवाखान्याच्या कागदावर तो कामावर, यंत्रावर झाला असे लिहून घ्या. "घरी पडलो" असे लिहू देऊ नका. ते खोटे बोलणे आहे आणि त्याच खोट्याने हक्क बुडतो. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार केला असला, तरी कायद्यापुढे तो निरर्थक ठरतो. ठेकेदार पळाला तरी, ज्याच्या कारखान्यासाठी काम चालले होते, त्या मूळ मालकाची जबाबदारी संपत नाही. मालकाने वर्गणी भरली नसेल, तरी विमा महामंडळ कामगाराला लाभ देऊन ती रक्कम मालकाकडून वसूल करू शकते. औद्योगिक कामगाराला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर साहाय्य मिळण्याची तरतूद १९८७ च्या कायद्यात आहे. मावळातील माणसाला त्यासाठी वडगाव मावळच्या न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीकडे जाता येते. आणि हक्क जसा सोडू नये, तसा वाढवूनही मागू नये. खोटी जखम दाखवून घेतलेला पैसा हाही हरामच.

जमातीचे कर्तव्य

हात गमावलेल्या माणसाला वुजूत उरलेला भाग धुणे पुरेसे होते. जो भाग राहिला नाही, त्याची जबाबदारी शरीयतने उतरविली आहे. अल्लाह अशा बंद्यावरचे ओझे हलके करतो. आपण मात्र ते वाढवितो. त्याला कामावर कोणी घेत नाही, त्याचे लग्न जुळत नाही, मैफलीत तो हात खिशात लपवून बसतो. मशिदीच्या जमातीने एवढे तरी करावे : कागदपत्रे समजणारा एक सुशिक्षित तरुण अशा घरासोबत चिंचवडच्या विमा रुग्णालयात, विम्याच्या कार्यालयात, न्यायालयात जावा. घरातील माता-भगिनींनी मुलाच्या पहिल्या पगाराच्या आनंदासोबत त्याच्या विमा क्रमांकाचीही चौकशी करावी. जुम्याच्या बयानात नमाज-रोजांसोबत हक्कुल-इबादचाही विषय निघावा.

कारण हिशेब टळणारा नाही. प्रेषितांनी (स.) एकदा सोबत्यांना विचारले की खरा दिवाळखोर कोण, आणि स्वतःच समजावून सांगितले की, जो नमाज, रोजे आणि जकात घेऊन हजर होईल, पण कोणाचा माल खाल्लेला असेल, कोणाला इजा केलेली असेल, त्याची पुण्याई हक्कदारांत वाटली जाईल, ती संपली की हक्कदारांची पापे त्याच्या माथी येतील. आणखी एका हदीसमध्ये, मजुराकडून पुरे काम घेऊन मोबदला न देणाऱ्याविरुद्ध कियामतच्या दिवशी अल्लाह स्वतः वादी म्हणून उभा राहील, असा इशारा आहे. सूरह यासीन सांगते की, त्या दिवशी तोंडांवर मोहोर लागेल आणि हात बोलतील (३६:६५). ज्या हातांनी संरक्षक काढला, ते बोलतील. ज्या हाताने कोरा कागद पुढे केला, तोही बोलेल. साच्याखाली सापडलेली बोटे त्या दिवशी टोकांसह पुन्हा घडविलेली असतील; तीही गप्प राहणार नाहीत.

म्हणून ज्याच्यावर असे देणे बाकी आहे, त्याने आजच त्या कामगाराचे घर गाठावे, हिशेब विचारावा आणि तो चुकता करावा. जगात फेडलेले कर्ज स्वस्त पडते.

हे अल्लाह, आमच्या कष्टकरी भावंडांचे हात सुखरूप ठेव. ज्यांचे हात गेले, त्यांना सब्र, सन्मान आणि त्यांचा पूर्ण हक्क मिळवून दे. आमच्यातील मालकांना न्यायाचा तराजू धरण्याची बुद्धी दे आणि परक्याच्या हक्काचा एक घासही आमच्या मुलांच्या पोटात जाऊ देऊ नकोस. आमीन.